हॉलची घरपट्टी आणि आमचा सत्यनारायण

आमच्या सोसायटीच्या हॉलला वेगळी घरपट्टी आली तेव्हा मी सेक्रेटरी होतो. ती रद्द करून घ्यायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या डोंबिवलीत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. आता पन्नाशी जवळ आली आहे, मुलगी नववीत आहे, आणि त्या दिवसांबद्दल घरात अजूनही मी मोघम बोलतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या चार इमारती, प्रत्येक चार मजल्यांची, भोवती कंपाउंडची भिंत आणि पुढे लोखंडी गेट. त्या वेळी आमच्या भागात बहुतेक इमारती रस्त्याला लागून एकेकट्या उभ्या असायच्या. गेटच्या आत राहणं ही थोडी मिरवायची गोष्ट होती. मधे मोकळी जागा, दोन बाकं, एक झोपाळा, पंपाची खोली, वॉचमनची खोली, आणि 'ए' इमारतीच्या तळमजल्यावर हॉल. बिल्डरच्या जाहिरातीत या सगळ्याला मिळून 'सुखसोयी' म्हटलं होतं आणि त्याचे पैसे फ्लॅटच्या किमतीतच धरले होते. भिंतीपलीकडे अजून भाताची खाचरं होती. ज्यांची ती जमीन होती त्या गावातली माणसं बांधावरून जाताना आमच्या गेटकडे बघायची, पण आत कधी यायची नाहीत.

हॉलमध्ये बारशी व्हायची, साखरपुडे व्हायचे, सव्वीस जानेवारीची पूजा, गणपती, वर्षाची सर्वसाधारण सभा. बाकीचे सगळे दिवस तिथे पाळणाघर चालायचं. ते 'सी' इमारतीतल्या एक बाई चालवायच्या. त्यांना मुलंही काकू म्हणत आणि मुलांचे आईबापही. त्यांच्या यजमानांचा कारखाना बंद पडलेला होता आणि त्यांचं घर या पाळणाघरावर चालत होतं. सोसायटीला त्या महिन्याचं थोडं भाडं देत. यजमानांनी हॉलच्या एका भिंतीला, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर, लाकडी खुंट्यांची एक ओळ ठोकून दिली होती. मुलं सकाळी येऊन आपापली पिशवी आपणच अडकवायची. ज्याला चालता येतं त्याने पिशवी स्वतः अडकवायची, असा काकूंचा नियम होता.

आमची मुलगी आठ महिन्यांची असल्यापासून तिथे जात होती. बायको ठाण्याला एका सरकारी कचेरीत, मी एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत हिशेब खात्यात. काकू नसत्या तर बायकोला नोकरी सोडावी लागली असती. आमच्यासारखी सोसायटीत आणखी बरीच घरं होती.

तर त्या वर्षी पालिकेने आमच्या भागाची नव्याने मोजणी केली. फ्लॅटांची घरपट्टी नेहमीसारखी आली. पण सोबत सोसायटीच्या नावाने आणखी एक बिल आलं. हॉल, पंपाची खोली, वॉचमनची खोली, तिन्ही वेगळी मोजलेली, आणि हॉलला घरगुती दर नाही, तर दुकानाला लावतात तो. आकडा मी कमिटीत वाचून दाखवला. मग खजिनदार म्हणाले, "आता झोपाळा राहिला. बसलेल्याला एक दर, उभ्याने झोके घेणाऱ्याला दुसरा."

मी हरकतीचा अर्ज लिहिला. मुद्दा सरळ होता. हॉल आणि पंपाची खोली आम्ही कोणाला विकू शकत नाही, त्या वेगळ्या मालकीच्या नाहीत. त्यांची किंमत आमच्या फ्लॅटांच्या किमतीत आहे, आणि फ्लॅटांवर आम्ही कर भरतोच. एकाच वस्तूवर दोनदा कर कसा? हा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. कल्याणला सुनावणीला गेलो तेव्हा तो मी असा मांडला की अधिकाऱ्यांनी पंपाची आणि वॉचमनची खोली तिथल्या तिथे काढून टाकली. पंपाच्या खोलीत भाड्याने राहणार कोण, असं तेच हसत म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, हॉलमध्ये पाळणाघर चालतं, भाडं घेता, अशी आमच्या माणसाची नोंद आहे. खरं आहे का?

मी म्हणालो, "नाही साहेब."

इतकं सोपं होतं ते. मागून मी स्वतःला बरंच समजावलं. बिल राहिलं असतं तर कमिटीने पहिलं पाळणाघरच काढलं असतं, म्हणजे मी काकूंसाठीच खोटं बोललो, असंही समजावलं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काकू नव्हत्या. मी जिंकत आलो होतो आणि मला थांबायचं नव्हतं. हॉल फक्त सभासदांच्या धार्मिक व सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वापरला जातो, असं मी तिथेच लिहून सही करून दिलं. अधिकारी म्हणाले, ठीक आहे, आमचे निरीक्षक येऊन जागा बघतील. दिवसही सांगितला. आठवड्याच्या मधला वार होता, म्हणजे पाळणाघर भरलेलं असण्याचा दिवस.

त्याच दिवशी हॉलमध्ये सत्यनारायण घालायचा, ही कल्पना माझीच. कमिटीला ती इतकी आवडली की कोणी प्रश्नच विचारला नाही. विचारला तो फक्त पूजेला यजमान म्हणून ज्यांना बसायला सांगितलं त्यांनी. हॉलच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आम्ही त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकी म्हणायचो. पूजाअर्चा मनापासून करणारा माणूस. ते म्हणाले, "अरे, घरपट्टीसाठी देवाला बोलवायचं?"

"काका, पूजा खरीच करायची आहे ना," मी म्हणालो. "गुरुजी खरे, पोथी खरी, शिरा खरा. त्यात खोटं काय आहे?"

त्यांनी होकार दिला. मला वाटलं, मी त्यांना पटवलं.

काकूंकडे गेलो. त्या दिवशी मुलं तुमच्या घरी ठेवा, दार लावून घ्या, एका सकाळचा प्रश्न आहे, असं सांगितलं. त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर.

"सगळी इथे? बसवू कुठे, माळ्यावर?"

मी काहीतरी म्हणालो. मग प्रसादाचं काढलं. सोसायटीत शिरा त्यांच्याच हातचा लागायचा, हे सर्वांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या.

"म्हणजे मला लपवायचं, आणि माझा शिरा तेवढा पुढे करायचा."

हसल्या म्हणून मीही हसलो. शिरा त्यांनी केला, केळं घालून, सव्वाच्या मापाने, सोवळ्यात.

सकाळी आम्ही हॉल रिकामा केला. गाद्यांच्या वळकट्या, खेळण्यांची टोपली, दुधाचा स्टोव्ह, सगळं गच्चीवर नेलं. खुंट्या मात्र भिंतीत पक्क्या होत्या. खजिनदारांनी त्यांच्यावरून झेंडूची माळ सोडली. खुंटीखुंटीवर एक वळसा. लांबून शोभेची वाटली.

निरीक्षक आले तेव्हा पोथी चालू होती. चपला काढून ते मागे मांडी घालून बसले. पोथीतला तो व्यापारी नेमका तेव्हाच आपल्या नावेत काय भरलंय याबद्दल खोटं सांगत होता. दरवर्षी ऐकलेली गोष्ट. त्या दिवशी माझे कान तापले. काका समोर पाटावर बसलेले, त्यांची मान खाली. काकी त्यांच्या हाताला हात लावून.

आणि तेवढ्यात माझी मुलगी आत आली.

काकूंच्या घराचं दार कोणीतरी उघडलं असणार. ती तीन वर्षांची होती, झोपेची वेळ झाली होती. मला वाटलं, माझ्याकडे धावत येईल. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माणसांच्या मधून वाट काढत ती भिंतीजवळच्या कोपऱ्यात गेली, जिथे रोज तिची गादी असते तिथे, आणि नुसत्या फरशीवर आडवी झाली. हात गालाखाली घेतला. पुटपुटली, "काकू, उशी."

निरीक्षकांनी विचारलं, "कोणाची हो?"

"माझीच," मी म्हणालो. "बाप पूजेला बसलाय ना, म्हणून आली."

मी जाऊन तिला उचललं, मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवला. पाहणाऱ्याला बरं वाटावं असं ते दृश्य होतं. त्या सगळ्या प्रकरणात याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते. सहीची वाटते त्याहून जास्त. बोललो ते खरं होतं, आणि ते मी खोट्याच्या कामाला लावलं. तेही इतक्या सफाईने की मला क्षणभर अभिमान वाटला.

निरीक्षकांनी तीर्थ घेतलं, प्रसाद घेतला, हॉलवर एक नजर फिरवली आणि गेले. पुढे काही आठवड्यांनी आदेश आला. हॉलवर वेगळा कर नाही. सर्वसाधारण सभेत मला शाल आणि नारळ देण्यात आला. पाळणाघर अर्थातच पूजेच्या दुसऱ्या दिवशीच पुन्हा हॉलमध्ये सुरू झालं होतं. मला झोप छान लागत होती, हेही सांगून टाकतो.

पुढच्या जूनमध्ये मुलगी शाळेत जायला लागली. त्याच सुमारास आई गावाहून कायमची आमच्याकडे राहायला आली. दुपारी घरी आजी होती. आमचा काकूंशी रोजचा संबंध संपला.

पावसाळ्यात काकी जिन्यात घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात मोडला. लागोपाठ त्यांच्या बडोद्याच्या मुलाची नोकरी गेली. काका आधीच कमी बोलायचे, ते आता खालीसुद्धा येईनात. आले ते एकदम कमिटीच्या बैठकीत. त्यांनी ठराव मांडला. हॉल यापुढे फक्त पूजा, भजन आणि वाचनासाठी ठेवायचा. पाळणाघराने दिवाळीच्या आत जागा सोडायची.

"मी सपत्नीक देवापुढे बसलोय," ते म्हणाले. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "हातावर पाणी घेऊन संकल्प सोडलाय. हा हॉल देवाच्या कामाचा आहे असं तुम्ही साऱ्या जगाला दाखवलंत, मला पुढे बसवून. ते खोटं होतं. त्याची फळं मी भोगतोय. आता निदान ते खरं तरी करू या."

त्यांच्यावर हसणं सोपं होतं, पण कोणी हसलं नाही. बाकीच्यांना आपापली कारणं होतीच. कोणाला दुपारी मुलांच्या रडण्याचा त्रास होता. कोणाला वाटत होतं की पालिकेचा माणूस पुन्हा आला तर पंचाईत होईल. एकाने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, लेखी तर यांनीच दिलंय.

मी गप्प बसलो. ठराव झाला. इतिवृत्त मी लिहिलं, आणि काकूंना द्यायची नोटीसही मीच लिहिली, कारण ते सेक्रेटरीचं काम.

नोटीस द्यायला स्वतः गेलो. निदान तेवढं केलं. काकूंनी ती उभ्याउभ्याच वाचली, घडी केली.

"अक्षर छान आहे तुमचं," म्हणाल्या.

त्यांचा भाऊ टिटवाळ्याला राहायचा. तिकडे नव्या इमारती उठत होत्या, नोकरीवाली जोडपी येत होती. इथली खोली विकून तिकडे जायचं, नव्याने सुरू करायचं, असं त्यांच्या घरात घाटत होतं. त्यांच्या यजमानांना ते नको होतं. पन्नाशीनंतर पुन्हा कुठे मुळं धरायची, असं ते मला जिन्यात भेटल्यावर म्हणाले. माझ्यावर त्यांचा राग दिसला नाही. मला तो दिसला असता तर बरं झालं असतं.

रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, की आता माझे हात बांधलेले आहेत. पाळणाघराची बाजू घ्यायची तर मी पालिकेला खोटं लिहून दिलं हे सांगावं लागेल. त्यातून सोसायटीला दंड झाला तर जबाबदार कोण?

ती आमटी वाढत होती. वाढून झाल्यावर म्हणाली, "आपली पोरगी शाळेत गेली ना, म्हणून हात बांधलेले आहेत. ती अजून तिथे असती तर त्या बैठकीत तुम्ही टेबलावर मूठ आपटली असतीत."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात. बायको म्हणाली ते शब्दशः खरं होतं. ज्या दिवसांत मला त्या हॉलची गरज होती त्या दिवसांत मी त्यासाठी अधिकाऱ्यासमोर न कचरता खोटं बोललो. गरज संपल्यावर साधं खरं बोलायला मला जड जात होतं.

दोन दिवसांनी अर्धी रजा टाकून मी वॉर्ड ऑफिसला गेलो. निरीक्षक चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "या सेक्रेटरी. प्रसाद फर्मास होता तुमच्याकडचा."

मी सरळ सांगितलं. त्या हॉलमध्ये पाळणाघर चालत होतं, आजही चालतं. आम्ही भाडं घेतो. त्या दिवशीची पूजा तुम्हांला दाखवायला घातली होती.

"माहितीये," ते म्हणाले.

"कसं?"

"अहो, गुडघ्याएवढ्या उंचीवर तोरण मी आजवर कुठल्या पूजेत पाहिलेलं नाही. मागे बसल्या बसल्या झेंडू जरा बाजूला केला तर खुंटीवर एक प्लास्टिकची बाटली लटकत होती. वर ससा होता."

मी विचारलं, मग तुम्ही तसं लिहिलं का नाही?

त्यांनी कप खाली ठेवला. "तीर्थ घेतलेलं हातावर. आणि खरं सांगू का, त्या महिन्यातला तो माझा चौथा सत्यनारायण होता. ज्या सोसायटीत जाईन तिथे चौरंग मांडलेला. त्याच्या आधीच्या ठिकाणी तर गुरुजीसुद्धा तुमच्याकडचेच होते. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना. दोघं काय बोलणार?"

मला हसू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी छातीवरचं काहीतरी हललं. आम्ही एकटेच हुशार नव्हतो तर. गेटच्या आतल्या सगळ्याच सोसायट्यांना एकच युक्ती सुचली होती.

मग त्यांनी मला काय होईल ते समजावून सांगितलं. पाळणाघर आहे असं लेखी दिलंत तर हॉलला वेगळा कर लागणार, मागचाही लागणार. दर कमी करून मागा, पाळणाघर म्हणजे काही दारूचं दुकान नाही, तेवढं साहेब ऐकतील, न ऐकतील, ते माझ्या हातात नाही. पण एक नक्की, त्यानंतर तुम्हांला कोणी विचारायला येणार नाही, इथे काय चालतं म्हणून.

"सभासद मारतील तुम्हांला," ते शेवटी म्हणाले.

मी म्हणालो, बघतो. घरी येताना मी ताठ चालत होतो. आता काय करायचं ते मला ठाऊक होतं.

विशेष सभा हॉलमध्येच भरली. मी उभा राहिलो आणि जे निरीक्षकांना सांगितलं तेच सांगितलं. कल्पना माझी, सही माझी. कमिटीने फक्त होकार दिला. सोसायटीने पाळणाघराचा ठराव मागे घ्यावा, मी पालिकेला खरं लिहून देतो, येईल तो कर आपण भरावा.

पहिला आवाज मागून आला. "शाल परत करा आधी."

हशा झाला, आणि त्या हशानंतर जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. जिंकलेली केस हातची घालवणारा सेक्रेटरी कोणी पाहिलाय का. उद्या फ्लॅटांचीही मोजणी पुन्हा करायला बोलवा. काका पहिल्या रांगेत होते. गोंगाट थोडा ओसरल्यावर म्हणाले, "म्हणजे मी खोट्या पूजेला बसलो ते बसलोच."

"नाही काका," मी म्हणालो. "तुम्ही पूजा मनापासून केलीत, ती तुमची आहे. खोटं मी बोललो. ते मी परत घेतोय. पोरांना बाहेर काढून ते खरं होणार नाही."



मग खरा प्रश्न आला, तो मला अपेक्षित होताच. कर भरायचा कोणी? एकाचं म्हणणं, पाळणाघरावर टाका. म्हणजे काकूंना फी वाढवावी लागणार आणि निम्मी मुलं जाणार. माझं म्हणणं होतं, सगळ्या फ्लॅटांवर सारखा वाटून घ्यावा. हॉल सगळ्यांचा आहे, कोणाचं बारसं होतं, कोणाचा साखरपुडा, कोणाची मुलं सांभाळली जातात.

"माझ्या घरात लहान मूल नाही," एक जण म्हणाले. "मी का द्यायचं?"

"तळमजल्यावरचे लोक जिन्यातल्या दिव्याचे पैसे देतात," मी म्हणालो. "गच्चीच्या गळतीचे देतात. गच्चीवर ते कधी गेलेले नाहीत."

तळमजल्यावरचे एक गृहस्थ लगेच उठले. "तेच मला कधीपासून विचारायचं होतं."

पुन्हा हशा. त्यांना कसंबसं खाली बसवलं. पण मुद्दा लोकांच्या ध्यानात आला होता. गेटच्या आत राहायचं तर आपण वापरत नाही त्या गोष्टींचेही पैसे द्यावे लागतात, आणि आपण वापरतो त्याचे दुसरे कोणीतरी देत असतात. वेगळ्या शब्दांत मी हेच पालिकेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं, की हे सगळं आमचं एकत्र आहे. तेव्हा ते कर चुकवायला सांगितलं होतं.

मतदान हात वर करून. माझ्या ठरावाच्या बाजूने हात वर गेले, बरेच, पण पुरेसे आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. काकांनी हात वर केला नाही. त्यांच्या शेजारी काकी बसल्या होत्या, उजवा हात अजून गळ्यात बांधलेला. त्यांनी डावा हात वर केला.

खजिनदार जरा अवघडले. म्हणाले, काकी, एका फ्लॅटला एकच मत असतं हो.

"ठाऊक आहे," काकी म्हणाल्या. "घर कोणाच्या नावावर आहे ते बघा."

खजिनदारांनी रजिस्टर उघडलं. काकांनी निवृत्तीच्या पैशांतून घर घेतलं तेव्हा ते पत्नीच्या नावावर घेतलं होतं. त्या काळी कितीतरी जण घेत. इतकी वर्षं मत देत आले ते काका, आणि त्यात कोणाला काही चुकीचं वाटलं नव्हतं, मलासुद्धा. मी सेक्रेटरी होतो तरी.

"इतकी वर्षं हे माझ्याऐवजी हात वर करायचे. आज मीच आलेय," काकी म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जिन्यात पाणी सांडलं होतं म्हणून मी पडले. देवाला माझ्या हाताशी काय करायचंय? वर झोपलेली असते तेव्हा खालून त्या पोरांचा आवाज येतो, तेवढाच काय तो दिवसभरात घरात आवाज असतो."

खजिनदारांनी पुन्हा हात मोजले. ठराव पास झाला.

संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. दारात दोन खोकी बांधून ठेवलेली होती. मी सभेचं सगळं सांगितलं. काकींच्या हाताचं सांगितलं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "भावाने तिकडे जागा बघून ठेवलीय. परवा बयाणा द्यायचाय."

मी म्हणालो, मी तुम्हांला थांबा म्हणू शकत नाही. मला तो अधिकार राहिलेला नाही. पण हॉल तुमचा आहे, लेखी.

त्यांचे यजमान आतून बाहेर आले आणि खोक्यावर बसले. काकूंनी मला विचारलं, "पुन्हा कोणी बघायला आलं तर?"

"तर मुलं हॉलमध्येच असतील."

"झोपलेली असली तरी उठवायची नाहीत कोणी."

"नाही उठवणार."

मग काकू नवऱ्याला म्हणाल्या, "उठा त्या खोक्यावरून, त्यात कपबशा आहेत." आणि मला, "भावाला उद्या कळवते, नाही येत म्हणून. जा आता, स्वयंपाक व्हायचाय माझा."

नव्या मोजणीला निरीक्षक दुपारीच आले, मुद्दाम नव्हे, त्यांना तेव्हाच वेळ होता. हॉलच्या दाराशी काकू उभ्या होत्या. आत गाद्यांवर पंचवीसेक मुलं झोपलेली, पंखे घरघरत होते. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. निरीक्षकांनी मान हलवली आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. ते गाद्यांच्या मधून, पाय जपून टाकत, पलीकडे गेले. तिथून त्यांनी कुजबुजत आकडा सांगितला, मी पुन्हा कुजबुजत विचारला, काकूंनी आम्हां दोघांकडे डोळे वटारले. रुंदी मोजताना एका मुलाने कूस बदलली आणि टेप त्याच्या अंगाखाली गेली. निरीक्षकांनी ती ओढली नाही. तो पुन्हा वळेपर्यंत आम्ही दोन टोकांना टेप धरून तसेच उभे राहिलो.